उकळी मारली म्हणून रस्सा निर्धोक होत नाही

रात्रीचं जेवण आटोपलं, भगुन्यात माशाचा रस्सा आणि दोन-चार तुकडे उरले, की आमच्या ताडकळसमध्ये ठरलेली वाक्यं ऐकू येतात. ‘राहू दे चुलीवरच, मुरतो.’ ‘सकाळी एक उकळी मारली की झालं.’ आणि कुणी शंका काढलीच तर झाकण उचलायचं, नाक जवळ न्यायचं आणि निकाल द्यायचा: ‘वास नाही, चांगला आहे.’ ही तीन वाक्यं इतक्या घरांत, इतक्या खात्रीनं बोलली जातात की त्यांच्याविरुद्ध बोलणारा शिकून बिघडलेला ठरतो. तो ठपका पत्करून लिहितो आहे. तिन्ही वाक्यांत थोडं खरं आहे. त्या थोड्याच्या आधारावरच ती टिकून आहेत आणि माणसांना आजारी पाडत आहेत.

आधी एका टोमण्याचा निकाल लावू. समुद्रापासून चारशे किलोमीटर आत राहणाऱ्यांनी मासा कसा ठेवावा यावर बोलावं कशाला, असं कोकणी पाहुणे हसत विचारतात. बोलावं, कारण प्रश्न आमचाच जास्त आहे. ताडकळस पूर्णा तालुक्यातलं गाव. पूर्णा नदी गोदावरीला मिळते ती याच तालुक्यात. तिच्यावरचं येलदरीचं धरण वर जिंतूरच्या अंगाला. रोहू, कटला, मरळ, वांब, चिलापी हे आमचे मासे. बोंबील आणि सुकट वर्षभर बाजारात असतात. बर्फाच्या पेट्यांतून बांगडा आणि सुरमई परभणी-नांदेडपर्यंत येतात, तिथून कधीमधी घरी. मृग लागला की मासा खायचा ही रीत अनेक घरांत आहे, आणि तेव्हा पाऊस आलेला असतोच असं नाही. उन्हाळ्याची धग तशीच असते. समुद्रकाठचा माणूस आज खाण्यापुरता मासा आज घेतो, उद्याचा उद्या. आम्ही बाजाराच्या दिवशी एकदाच घेतो, पाहुणा येईल म्हणून जरा जास्तच घेतो, सगळा एकाच भगुन्यात शिजवतो. मग तो उरतो. उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न मालवणपेक्षा ताडकळसला अधिक छळतो.

आता उकळीकडे वळू. उकळी जंतू मारते, हे खरं. रस्सा खळखळून उकळला तर त्यातले जिवंत, वाढते जंतू मरतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा एक जंतू मोठ्या भांड्यातल्या रश्श्यांचा जुना वैरी आहे. त्याची बीजाणूरूपातली बी शिजवताना मरत नाही. भांडं हळूहळू निवत असताना ती जागी होते, आणि ४३ ते ४५ अंशांच्या आसपास तर या जंतूची संख्या दर दहा-एक मिनिटांनी दुप्पट होते. मे महिन्यातली आमच्या पत्र्याच्या घरातली दुपार साधारण तेवढीच तापलेली असते, हे लक्षात घ्या. पण या जंतूपुरतं उकळीवाल्यांचं म्हणणं मान्य. त्याचं विष बहुतांशी आपल्या आतड्यात गेल्यावर तयार होतं, म्हणून खाण्याआधी रस्सा नीट, तळापासून ढवळत उकळला तर त्याचा त्रास टळू शकतो. यातही अट ‘नीट’ ही आहे. कडेनं बुडबुडे दिसले की गॅस बंद करणं आणि भाकर कुस्करून मोकळं होणं म्हणजे उकळी नव्हे.

अडचण पुढे आहे. काही जंतू आपलं विष आपल्या पोटात जाण्याची वाट पाहत नाहीत. ते भांड्यातच तयार करून ठेवतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आपल्या हातांवर, नाकात, नखाजवळच्या चिघळलेल्या जखमेत राहतो. रस्सा शिजल्यावर कुणी त्यात हात घालून तुकडा मोडून पाहिला, काटे काढून लेकराला भरवलं आणि उरलेलं परत भगुन्यात टाकलं, की त्याची सोय झाली. रात्रभरात तो वाढतो आणि विष सोडतो. सकाळच्या उकळीनं जंतू मरतो. विष अर्धा तास उकळलं तरी शिल्लक राहतं. दुसरा बॅसिलस सीरियस. त्याची बी धान्यात, भातात आणि मसाल्यात नेहमीचीच. त्याचं उलटी आणणारं विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. आपला प्रेशर कुकर पूर्ण शिट्टीवर जेमतेम त्या तापमानाच्या आसपास जातो, तिथे उघड्या भगुन्यातल्या १०० अंशांच्या उकळीनं काय होणार? साप मारला म्हणून चढलेलं विष उतरत नाही, हे शेतात राबणाऱ्या आमच्या माणसांना वेगळं सांगायची गरज नाही. रश्श्याच्या बाबतीत मात्र तेच मानायला आम्ही तयार नसतो.

तिसरं प्रकरण बांगडा, सुरमई, तारली, कुपा अशा समुद्री माशांचं. यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा बर्फाबाहेर राहिला की जंतू त्याचं हिस्टामीन करतात. ते शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, डबाबंद करूनही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन-एक तासांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर चट्टे येतात, छातीत धडधडतं. घरचे म्हणतात, ‘याला मासा सोसत नाही.’ बऱ्याचदा मासा सोसत असतो. ट्रकपासून ताटापर्यंतच्या प्रवासात बर्फ कमी पडलेला असतो. एवढं दूरवरून बांगडा येतो तेव्हा त्याच्या आधीच्या तासांचा हिशेब आपल्याकडे नसतो. म्हणून शिजवल्यानंतरच्या तासांत तरी आपण भर घालू नये. रोहू-कटल्यात हा धोका फार कमी, एवढा दिलासा आमच्या नदीच्या माशांना द्यायला हरकत नाही. पण आधी सांगितलेले दोन जंतू मासा नदीचा की समुद्राचा असा भेद करत नाहीत.

आता कोकणाचा दाखला. हा सगळ्यात भारदस्त. ‘कोकणात कालचं कालवण आज जास्त लागतं, सगळे खातात, कोणाला काय होतं?’ चवीबद्दल माझा वाद नाही. आंबट-तिखट रात्रभर मुरल्यावर चव चढते, हे मीही कबूल करीन. पण ‘मुरतं’ आणि ‘टिकतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकाच दमात बोलून टाकतो. कोकणात मे महिन्यात पारा साधारण ३२ ते ३४च्या घरात असतो; आमच्याकडे ४३ ही बातमीही होत नाही. तिथलं कालवण कोकमाच्या किंवा कैरीच्या आंबटाचं, पातळ, लहान भांड्यात, आणि बहुतेकदा दुसऱ्या दिवशी सकाळीच संपणारं. आमचा रस्सा येसर लावलेला, दाट. येसर म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळींचं आणि मसाल्याचं पीठ. त्यानं रश्श्याला जो घट्टपणा येतो तोच त्याला निवू देत नाही. वरचा थर कोमट वाटतो तेव्हा तळ अजून जंतूंना हवा तसा ऊबदार असतो. शिवाय धान्य आणि मसाला या दोन्हींतून येणारी बॅसिलसची बी त्यात आपसूक पडते. म्हणजे कोकणची रीत आपण उचलली, पण त्या रितीला आधार देणारं हवामान, भांडं आणि घाई यांतलं काहीच सोबत आणलं नाही. तिथेही ही रीत निर्धोक आहे असं मी म्हणत नाही. तिथे ती निभावते, इथे तेवढीही निभावत नाही.

आंबटाबद्दल आणखी थोडं. ‘चिंच घातलीय, काही होत नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना विचारा, किती घातली? अन्न टिकवण्याच्या शास्त्रात आंबटपणा पीएचनं मोजतात आणि ४.६च्या खाली गेलेलं अन्न सुरक्षिततेच्या एका पायरीवर चढलं असं मानतात. लिंबाचं लोणचं त्या रेघेच्या कितीतरी खाली असतं, त्यात मीठही भरमसाट. माशाचं मांस मात्र आंबट नसतं, येसराचं पीठही नसतं. दोन्ही मिळून चिंचेचा जोर खातात. जिभेला रस्सा आंबट लागला म्हणजे तो लोणच्याच्या पंक्तीला बसला असं होत नाही. लोणच्याइतकी चिंच घातली तर तो रस्सा खायला कोणी बसणारही नाही.

‘आमचे आजे-पणजे असंच खात होते’ हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त खुपतो. खात होते, आणि आजारीही पडत होते. फक्त त्या आजाराचं नाव मासा नव्हतं. कधी ते पित्त होतं, कधी ऊन लागलेलं असायचं, कधी नजर, कधी ‘बाहेरचं काहीतरी’. रात्री अकराला खाल्लेल्या रश्श्याचा त्रास दुसऱ्या दिवशी दुपारी रानात सुरू झाला तर कोण त्याचा माग काढत भगुन्यापर्यंत जाणार? ज्यांना काही झालं नाही ते आज अनुभव सांगायला हजर आहेत. हगवणीनं गेलेली लेकरं साक्ष द्यायला येत नाहीत. तेव्हा आज्यांच्या अनुभवाचा मान राखू, पण त्यातून नोंदवही सापडेल अशी आशा नको.

मग वास. नाक हे वाईट साधन नाही. नासका मासा ते ओळखतं. पण नाकाला कळतो तो नासवणारा जंतू, आणि आजारी पाडणारा जंतू अनेकदा वेगळाच असतो. तो चव बदलत नाही, वास सोडत नाही, तवंगही आणत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीला धार्मिक कार्यक्रमात भगर आणि आमटीचा प्रसाद खाऊन सुमारे २,००० लोकांना विषबाधा झाली. त्या पंगतीत मासा नव्हता, हे उघड. माझा मुद्दा नाकाचा आहे. वास आला असता तर एवढी माणसं पानावर बसून राहिली असती का?

माशाच्या बाबतीत नाकाची एक खास फजिती आमच्याकडे होते. समुद्री माशाच्या मांसात ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं. जंतू ते फोडतात तेव्हा तो ओळखीचा, डोक्यात जाणारा ‘मासळी’ वास सुटतो. म्हणून समुद्रकाठच्या बायकांचं नाक इतकं तयार असतं. माशानंच त्यांना इशारा द्यायची सोय केलेली असते. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्यात हे द्रव्य अगदी थोडं. तळ्याचा चिखलट वास त्यांना असतो, पण तो तळ्याचा. ताजेपणाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे ‘वास नाही, चांगला आहे’ ही कसोटी बांगड्यावर अर्धीमुर्धी चालते, आणि आम्ही ती लावतो रोहूवर, तीही येसर, लसूण, खोबरं आणि काळ्या मसाल्याच्या आड लपलेल्या रोहूवर! असल्या परीक्षेत नापास होणारा रस्सा निदान मी तरी क्वचितच पाहिला.

मग मोजायचं काय? घड्याळ. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जितका वेळ राहील तितकं ते धोक्याकडे सरकतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं जाहीर केली. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. हे दोन तास आपल्याकडे पाठ्यपुस्तकात, पोस्टरवर जसेच्या तसे उतरले. पण अमेरिकेतल्या सरकारी सल्ल्यात याच नियमाला एक पुरवणी आहे: बाहेर ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर दोन तासांचा एकच तास करा. ताडकळसला वर्षातले कितीतरी महिने दुपारी पारा ३२च्या वर असतो, आणि उन्हाळ्यात तर रात्री नऊलाही भिंती तापलेल्या. आमच्यासाठी मूळ नियम एक तासाचा आहे, दोन तास ही हिवाळ्यातली सवलत. हिवाळ्यात इथला पारा एक आकडी होतो म्हणून कुणी रस्सा ओसरीवर ठेवून फ्रीजचं काम थंडीवर सोपवू नये. पारा पहाटे उतरतो, आणि चुलीजवळची जागा पहाटेही उबदारच असते.

हा तास भगुनं चुलीवरून उतरल्यापासून धरायचा. जेवायला बसलो तेव्हापासून धरला तर हिशेब चुकला. गडी रानातून यायचे आहेत, पोरं खेळायला गेलीत, म्हणून रस्सा तासभर झाकून ठेवला आणि मग जेवणात अर्धा तास गेला, तर सवलत आधीच संपली. हा वेळ साचतो, हेही ध्यानात असू द्या. काल रात्री अर्धा तास, आज सकाळी फ्रीजमधून काढून ओट्यावर अर्धा तास, परत आत. मोजणी पहिल्यापासून चालूच असते. माझ्या मते साधी युक्ती हीच की जेवायला वाढायच्या आधीच उरणारा भाग वेगळा काढावा. चमचा-पळीनं, हात न लावता, पसरट डब्यांत, दोन बोटांपेक्षा कमी खोलीचा थर. परातीत गार पाणी घेऊन त्यात डबे ठेवले, एकदा पाणी बदललं, तर वीस-पंचवीस मिनिटांत वाफ जाते. उन्हाळ्यात पाणी जपून वापरावं लागतं, माहीत आहे. परातीतलं पाणी नंतर जनावराला किंवा परसातल्या कढीपत्त्याला जातंच. मग डबा सरळ फ्रीजमध्ये.

‘गरम घातलं की फ्रीज बिघडतो’ म्हणून रस्सा रात्रभर बाहेर निववणारी घरं मला ठाऊक आहेत. भगुनंभर उकळता रस्सा आत ढकलू नये, हे बरोबर. आतलं दूध-दही तापतं. पण कोमट पसरट डबा आत गेल्यानं फ्रीज बिघडत नाही. थोडी वीज जास्त जाते. तेवढ्या विजेच्या बिलापायी सगळी रात्र जंतूंच्या हवाली करण्यात कसला हिशेब आहे?

इथवर वाचून फ्रीजवाले खूश झाले असतील. त्यांनाही सोडायचं नाही. फ्रीज हे कपाट आहे असं मानणारी एक नवी पिढी तयार झाली आहे. आत ठेवलं की आठवडाभर चालतं, रविवारचा मासा शनिवारी निघतो. शिजवलेला मासा ४ अंशांच्या आसपास तीन ते चार दिवस ठेवावा, त्यापुढे नाही. आणि ४ अंश हे फ्रीजच्या दारावर लिहिलेलं नसतं. आमच्याकडचे बहुतेक फ्रीज एका दाराचे, भिंतीला टेकलेले, आत माठासारखं पाणी भरलेल्या बाटल्यांची दाटी, आणि दुपारभर पोरं गार पाण्यासाठी दार उघडत असतात. असल्या फ्रीजमध्ये तीन दिवस म्हणजे दोनच समजावेत, हे माझं मत. फ्रीजचा थर्मामीटर स्वस्तात मिळतो. ज्या घरात मोबाइलवर हजारो खर्च होतात त्या घराला तो परवडावा.

वर लाईट. वळवाचं वारं सुटलं, तार तुटली, की रात्र अंधारात जाते. दार बंद ठेवलं तर फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. बाहेर ४३ असताना मी तेवढेही धरणार नाही. रात्री किती वेळ वीज नव्हती हे सकाळी कसं कळणार? यासाठी एक जुनी, बिनखर्ची खूण आहे. वाटीत पाणी गोठवायचं, बर्फावर रुपयाचं नाणं ठेवायचं आणि वाटी वरच्या बर्फाच्या कप्प्यातच राहू द्यायची. नाणं वरच असेल तर बर्फ टिकला. नाणं बर्फात बुडालेलं किंवा तळाशी गेलेलं दिसलं तर रात्री कप्पा वितळला होता आणि पुन्हा गोठला. मग खालच्या डब्यातल्या माशाचा मोह सोडावा. कप्प्यात गोठवलेला मासा बाहेर काढायचा तो आदल्या रात्री खालच्या खान्यात. ओट्यावर दुपारभर वितळवायचा नाही. आणि गरम करायचा तो जेवढा खायचा तेवढाच, वाफा निघेपर्यंत, मधला भाग ७५ अंशांपर्यंत जाईल असा. सगळं भगुनं रोज तापवायचं आणि रोज निववायचं, ही पद्धत म्हणजे धोक्याच्या पट्ट्यातून रोज दोन फेऱ्या.

मातीच्या भांड्याचेही भक्त आहेत. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं, वाळूत रोवलेलं, शिंक्याला टांगलेलं. कोरड्या उन्हाळ्यात माठाचं पाणी सुखद गार होतं ते बाष्पीभवनानं, पण त्यालाही सीमा आहे. ४३ अंशांच्या दुपारी ते वीस-बावीसच्या खाली क्वचितच जातं. पिण्याला वीस अंश म्हणजे स्वर्ग. माशाच्या रश्श्याला मात्र ५ हवेत. शिंक्यानं मांजर टळतं, जंतू टळत नाही.

आणि आता दुसऱ्या टोकाची मंडळी, जी शहरातून किंवा मोबाइलवरून सल्ला देतात: शिळं खाऊच नका, ताजं करा, ताजं खा. ऐकायला किती सात्त्विक! ज्या घरात बाई पहाटे उठून पाणी भरते, भाकरी थापते आणि सात-आठला कापूस वेचायला किंवा सोयाबीन काढायला जाते, तिनं तिन्ही त्रिकाळ ताजा मासा शिजवावा? मासा आठवड्यातून एकदा मिळतो, किलोनं पैसे मोजून मिळतो. ‘फेकून द्या’ हा सल्ला ज्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला बँकेत जमा होतो त्याचा. शिवाय त्याचा परिणाम काय होतो ते पाहा. पुरुष आणि पाहुणे म्हणतात, आम्हाला शिळं नको. मग फेकायला जीव होत नाही म्हणून ते खातं कोण? शेवटी जेवणारी बाई. ताजं पुरुषांच्या ताटात, उकळलेलं-पुनरुकळलेलं तिच्या ताटात. ती गरोदर असेल तर तिला आणखी एका जंतूची भीती असते, लिस्टेरिया, जो फ्रीजच्या थंडीतही सावकाश वाढतो आणि पोटातल्या बाळाला धोका करतो. तिनं फ्रीजमधलं अन्न वाफाळतं गरम केल्याशिवाय खाऊच नये. पण घरातली शिळ्याची वाटणी अशीच चालत राहिली तर हा सल्ला तिच्यापर्यंत पोचून उपयोग काय? सुरक्षित साठवण ही गरिबाची आणि बाईची गरज आहे. ‘ताजंच खा’ म्हणणाऱ्यांनी ती गरज मोडीत काढली, ‘उकळलं की झालं’ म्हणणाऱ्यांनी ती फुकटात भागवून टाकली.

रानातल्या डब्याबद्दल मात्र मी काहीच सवलत देणार नाही. सकाळी सहाला शिजवलेला किंवा कालचा तापवलेला मासा, सातला डब्यात, बांधावर झाडाखाली, दुपारी एकला उघडला. सहा-सात तास, तेही उन्हाळ्यात. याला कुठलाही नियम, कुठलीही चिंच, कुठलीही उकळी वाचवत नाही. डब्यात ठेचा, कोरडी शेंगदाण्याची चटणी, भाकर, कांदा न्यावा. मासा रात्री, घरी, गरम.

किंवा सुकट. सुकट आणि बोंबील पाहिले की वाटतं, टिकवणं म्हणजे काय हे आपल्याला फार आधी कळलं होतं. पाणी काढून घेतलं की जंतूला वाढता येत नाही. खारवणं आणि वाळवणं हे त्याचंच शास्त्र. कोरडी भाजून, तेलावर परतून, तिखट-लसूण घालून केलेली सुकटीची चटणी डब्यासाठी ओल्या रश्श्यापेक्षा कितीतरी भरवशाची. पण इथेही तोच घोळ होतो. बोंबील मुळात टिकाऊ, म्हणून बोंबलाचा रस्साही टिकाऊ, असं धरून लोक तो बाहेर ठेवतात. पाण्यात शिजवला त्या क्षणी बोंबलाची कमाई संपली. त्याला रोहूचेच नियम लागू.

आणखी एक भीती जाता जाता निकालात काढतो, कारण ती खऱ्या भीतीची जागा अडवून बसली आहे. मासा आणि दूध एकत्र खाल्लं की कोड उठतं, म्हणून किती घरांत लेकरांचं दूध हिरावलं जातं! कोड हा त्वचेतल्या रंगपेशी नष्ट होण्याचा आजार आहे. माशा-दुधानं तो होतो याला काही आधार नाही. त्या पेल्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा, आणि रात्रभर ओट्यावर पडलेल्या भगुन्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, त्याचं अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून. मराठवाड्याच्या उन्हाचं, येसर लावलेल्या दाट रश्श्याचं, एका दाराच्या फ्रीजचं आणि जाणाऱ्या लाईटचं गणित मांडायला यापेक्षा जवळची जागा नाही. दोन तासांचं उसनं सूत्र छापण्यापेक्षा ‘तुमच्याकडे उन्हाळ्यात एकच तास’ असं एक पान मराठीत छापून बाजाराच्या दिवशी मासळीच्या पाटीशेजारी लावता आलं, तर माझ्यासारख्याला असले लेख लिहावे लागणार नाहीत.

तोवर वाचकांना एक विनंती. मासा खाल्ल्यावर उलट्या-जुलाब सुरू झालेच तर मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस लगेच सुरू करा. लेकरू, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल, शौचात रक्त दिसलं किंवा लघवी थांबली, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. तिथे ‘काल मासा खाल्ला’ एवढ्यावर थांबू नका. मासा कोणता, शिजवला किती वाजता, बाहेर किती वेळ होता, कोणी कोणी खाल्ला, त्रास खाल्ल्यापासून किती तासांनी सुरू झाला, हे सगळं सांगा. अर्ध्या तासात अंग लाल झालं, तीन तासांत उलटी सुरू झाली किंवा बारा तासांनी पोटात कळ आली, या तिन्हींचा अर्थ डॉक्टरला वेगवेगळा लागतो.